रेषेखालची सही

नाशिकरोडला १९२५ साली सरकारी सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ पासून तेथे चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या, आणि तेव्हापासून या गावाला सह्यांचा शेजार लाभला आहे. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही धारण करून ज्या नोटा देशाच्या कानाकोपऱ्यांत फिरतात, त्यांतील असंख्य येथूनच निघतात. तथापि त्या सह्यांपैकी एकीलाही सही करणाऱ्याच्या हाताचा स्पर्श झालेला नसतो, आणि तो व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. ती सही अधिकाराचा दाखला असते, व तिचे सामर्थ्य तिच्या तंतोतंत एकसारखेपणात असते. याच्या अगदी उलट, एखाद्या हास्यचित्रकाराने प्रदर्शनाच्या दालनात उभ्या उभ्या, एका हाताने पुस्तक सावरीत, पहिल्या पानावर केलेली सही ही दुसऱ्या कोणत्याही सहीसारखी नसते. त्या क्षणीची घाई, लेखणीतील शाईचा पुरवठा, समोरच्या माणसाविषयीची आस्था हे सारे तिच्यात उतरलेले असते. अशा सह्या, अशी सहीसोबतची लहानमोठी रेखाटने आणि छपाईसाठी काढलेली मूळ चित्रे जमविण्याचा छंद महाराष्ट्रात थोड्याच लोकांना आहे. पण तो ज्यांना आहे त्यांनी आपल्या भाषेच्या एका मोठ्या ठेव्याचे रक्षण चालविले आहे अशी माझी ठाम धारणा असल्यामुळे, त्या छंदाचे स्वरूप सर्वसामान्य वाचकापुढे थोड्या विस्ताराने मांडावेसे वाटते.

मराठी हास्यचित्र वाढले ते मासिकांत, आणि बहरले ते दिवाळी अंकांत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा घालून दिली, तिच्या आश्रयाने पुढे चित्रकारांची एक अखंड परंपराच उदयास आली. शंकरराव किर्लोस्करांनी स्वतःच्या मासिकातून व्यंगचित्रांना प्रतिष्ठा दिली, दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू करून मुखपृष्ठाला चित्रकृतीचा मान मिळवून दिला, आणि अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ व ‘नवल’ या मासिकांनी एका संपूर्ण पिढीला चित्र पाहून हसावयास शिकविले. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’मध्ये पानाला खिडकी कापून एका चित्रामागे दुसरे चित्र दडविण्याची जी युक्ती होती, तिची तर वाचक वर्षभर वाट पाहत. हे सर्व अंक हजारोंच्या संख्येने घरोघर गेले, वाचले गेले, शेजारी दिले गेले, आणि बव्हंशी पुढील दिवाळीच्या आत रद्दीच्या तागडीत पडले. छापील अंकांची ही स्थिती, तर ज्या एकमेव कागदावरून तो अंक छापला गेला त्या कागदाचे काय झाले असेल, हा प्रश्न संग्राहकाला प्रथम पडतो.

त्याचे उत्तर छपाईच्या तत्कालीन पद्धतीत आहे. चित्रकार आपले चित्र छापावयाच्या आकाराहून दीडपट वा दुप्पट मोठे, जाड कागदावर, काळ्याभोर शाईने काढीत असे. ते चित्र मासिकाच्या कचेरीतून ब्लॉकमेकरकडे जाई. तेथे त्याचे छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरविले जाई, आणि रेषांव्यतिरिक्तचा भाग आम्लाने खाऊन टाकला म्हणजे रेषा तेवढी उठावाने शिल्लक राही. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की छपाईचे साधन सिद्ध झाले, आणि मूळ चित्राचे प्रयोजन संपले! संपादकाच्या दृष्टीने ब्लॉक ही मालमत्ता होती, कारण तो पुन्हा वापरता येई. कागद हा नुसता कच्चा माल होता. त्यामुळे ही मूळ चित्रे कधी ब्लॉकमेकरच्या फळीवर, कधी छापखान्याच्या माळ्यावर, कधी संपादकाच्या मेजाच्या तळच्या खणात पडून राहिली, आणि कचेरीची जागा बदलताना वा मासिक बंद पडताना त्यांची विल्हेवाट लागली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. जी वस्तू प्रतींसाठीच जन्मास येते तिची मूळ प्रत जपावी, ही जाणीवच त्या काळी निर्माण झालेली नव्हती.

याच संदर्भात आम्हा नाशिककरांना एका दुसऱ्या नुकसानीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या आणि १९४४ मध्ये नाशकातच देह ठेवलेल्या दादासाहेब फाळक्यांनी जी चित्रपटसृष्टी उभी केली, तिच्यातील फारच थोडे चित्रपट, आणि तेही बहुधा खंडित अवस्थेत, आज पाहावयास मिळतात. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चेही काही भागच उरले आहेत. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे फाळक्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. लोकांच्या करमणुकीसाठी निर्माण झालेल्या कलेकडे आपला समाज दप्तरी ठेवण्याजोगी वस्तू म्हणून फार उशिरा पाहू लागतो, आणि मध्यंतरीच्या काळात जे नाहीसे होते ते कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.

मूळ चित्रात असे काय असते की जे छापील प्रतीत नसते? ज्याने एकदा असे चित्र हाती घेऊन खिडकीच्या उजेडात तिरके धरून पाहिले आहे, त्याला हा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही. शाईच्या रेषेखाली पुसलेल्या शिसपेन्सिलीचा ठसा दिसतो, आणि चित्रातील गृहस्थाचा हात आधी खिशात होता, मग कमरेवर आला, व शेवटी डोक्यामागे गेला, हा चित्रकाराच्या विचाराचा सारा प्रवास तेथे वाचता येतो. एखाद्या ठिकाणी पांढऱ्या पोस्टर रंगाचा पुट चढवून चुकलेली रेषा झाकलेली असते. ब्लॉकच्या कॅमेऱ्याला तो पुट अदृश्य होता, पण आपल्या बोटाला तो लागतो. समासात फिक्या निळ्या पेन्सिलीने केलेल्या खुणा असतात, कारण तो निळा रंग कॅमेऱ्यात उतरत नसे. ‘चार इंच रुंदी’, ‘डावीकडे कापू नये’, ‘उद्या सकाळपर्यंत पाहिजे’ अशा धर्तीच्या सूचना असतात. पाठीमागे कचेरीचा शिक्का व आवक क्रमांक असतो. छापील चित्र आपणास विनोद सांगते. मूळ चित्र तो विनोद कसा घडला याची जबानी देते. म्हणूनच, काळा डाग, कापलेली कड वा मागील पेन्सिलीची आकडेमोड हे दोष समजून जो संग्राहक ते साफ करवून घेतो, तो आपल्याच हाताने दस्तऐवजातील मजकूर खोडीत असतो.

मासिकांतून पुढे आलेल्या या साऱ्या चित्रकारांत शि. द. फडणीस यांच्या चित्रांविषयी मला विशेष लिहावेसे वाटते. २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात त्यांचे शिक्षण झाले, पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी उपयोजित कलेचा अभ्यास केला, आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून त्यांची रंगीत मुखपृष्ठे अंतरकरांच्या मासिकांवर झळकू लागली. बसथांब्यावर शेजारी शेजारी उभे असलेले तरुण-तरुणी, एकाच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची, हे त्यांचे ‘मोहिनी’वरील मुखपृष्ठ ज्यांनी पाहिले त्यांना ते जन्मभर आठवत राहिले. फडणिसांच्या चित्रात संवाद नसतो, खाली मथळा नसतो, कोणाच्या तोंडून निघालेला शब्दांचा फुगा नसतो. जे सांगावयाचे ते रंग, आकार व मांडणी यांनीच सांगितलेले असते. त्यामुळे त्यांच्या चित्रात चित्रकाराने स्वतःच्या नावाने लिहिलेला मजकूर तेवढा एकच, तो म्हणजे त्यांची सही. आणि तीही मांडणीचा तोल सांभाळून, एखाद्या कोपऱ्यात, संकोचून बसलेली. चित्राच्या रचनेत सहीला जागा शोधताना त्यांनी किती विचार केला आहे हे पाहावयाचे असेल, तर सही बोटाने झाकून चित्र पहावे व मग बोट उचलावे. रिकाम्या भासणाऱ्या त्या कोपऱ्याला किती अल्प वजनाची आवश्यकता होती हे तत्काळ ध्यानात येते.

आणि याच चित्रकाराची सर्वाधिक घरांत पोचलेली चित्रे मात्र अशी आहेत की ती कोणाची हे पाहण्याचे बहुतेकांना सुचलेदेखील नाही. बालभारतीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत त्यांनी काढलेल्या चित्रांनी महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांचे बेरीज-वजाबाकीचे भय कमी केले. माझ्या मते फडणिसांच्या संग्राहकाने प्रथम ही पुस्तके मिळवावीत, आणि मिळाल्यास ज्याने ती वापरली त्या मुलाच्या नावासह, पेन्सिलीने सोडविलेल्या उदाहरणांसह जशीच्या तशी ठेवावीत. कोरी प्रत नीटस दिसते हे खरे. परंतु वापरलेली प्रत त्या चित्राने आपले काम केले याचा पुरावा असते. ‘हसरी गॅलरी’ या नावाने त्यांची चित्रप्रदर्शने गावोगाव झाली. त्या निमित्ताने ज्यांना सही लाभली त्यांनी सहीसोबत प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका, तारीख व स्थळ यांची नोंद जपली असेल, तर त्या सहीचे मोल कितीतरी वाढते.

प्रत्येक चित्रकाराकडे मागावयाची वस्तू निराळी असते, हेही अनुभवी संग्राहक जाणतो. आर. के. लक्ष्मण यांच्याकडे लोक ‘कॉमन मॅन’ची अपेक्षा करीत, आणि ते साहजिक होते, पण त्यांचा खरा जिव्हाळा कावळ्यावर होता, आणि कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत उतरलेला त्यांचा कावळा पाहिला म्हणजे रोजच्या राजकीय चित्राच्या धबडग्याबाहेरचे लक्ष्मण भेटतात. वसंत सरवटे यांचा पेशा इंजिनिअरचा, पण मराठी साहित्यव्यवहाराचे त्यांच्याइतके मर्मग्राही चित्रण दुसऱ्या कोणी केले नाही. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत; त्या ठणठणपाळाला सरवट्यांनी हातात घण देऊन जे रूप दिले, ते त्या लेखनाहून वेगळे काढताच येत नाही. म्हणून सरवट्यांचे चित्र त्या अंकासह, त्या लेखासह जपले पाहिजे. नुसते कापून काढलेले चित्र अर्धे होऊन जाते. चित्रकथांचा प्रांत आणखी निराळा. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ मराठीतही आला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्रकथा उभी केली, आणि तिच्यासाठी राम वाईरकर व पुण्याचे प्रताप मुळीक यांनी जी पाने रेखाटली त्यांनी आमच्या मनातील कृष्णाचा चेहरा कायमचा ठरवून टाकला. या चित्रकारांची नावे बारीक टायपात छापली जात, आणि त्यांच्या सह्या मागावयास मुले क्वचितच गेली. आज त्या पानांच्या मागे लागलेले लोक त्या वेळची मुलेच आहेत.

पैशाची गोष्टही थोडक्यात सांगितली पाहिजे. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांनी टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’ या पुस्तकासाठी १९३६ साली काढलेले एक मुखपृष्ठ रंगीत छपाईस न परवडल्यामुळे बाजूला पडले व प्रकाशकाच्या कुटुंबात अनेक वर्षे राहिले. कागदावर घड्यांच्या खुणा स्पष्ट असूनही जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला सुमारे ३२ लाख युरो मिळाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्पायडरमॅनच्या एका पानास ३३ लाख ६० हजार डॉलर आले. आपल्याकडील बाजार याच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि याचे मला दुःख नाही. किंमत वाढली की वस्तू जपली जाते हे खरे. पण तिच्याबरोबर बनावट मालही बाजारात येतो, आणि मग सहीचा आनंद घेण्यापूर्वी तिची शहानिशा करावी लागते.

ती कशी करावी, हे नाशिककराला निराळ्या मार्गाने ठाऊक असावयास हवे. १९०६ साली आमच्याच जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,२५० हून मोठा साठा सापडला, आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नाण्यावरील चेहरा एकाचा व मोहर दुसऱ्याची, यावरून सत्तांतराचा इतिहास निश्चित झाला. परंतु तो निश्चित होऊ शकला तो ती नाणी कोठे, केव्हा व किती संख्येने एकत्र सापडली याचा हवाला उपलब्ध असल्यामुळे. सही असलेल्या चित्राचेही तसेच आहे. कागद कोणाकडून आला, त्याला तो कोणाकडून मिळाला, कोणत्या समारंभात सही झाली, कोणत्या अंकात चित्र छापले गेले, ही साखळी जितकी अखंड तितका भरवसा अधिक. अक्षरवळणाची तुलना करावी, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. कारण नक्कल करणारा अक्षर गिरवितो व त्यामुळे त्याची रेषा सावकाश, थरथरती, सुरुवातीस व शेवटी सारख्याच जाडीची होते, तर मूळ सही वेगात सुटून टोकाला बारीक होते. पुष्कळ पुस्तकांत चित्रकाराची सही छापलेलीच असते. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले, अथवा कागदाच्या पाठीवर लेखणीचा मुळीच दाब नसला, की शंका घ्यावी. ‘चिरंजीव अमुक यांस’ असे नाव घालून दिलेली सही व्यापाऱ्याला कमी प्रिय असते. मला तीच अधिक विश्वासार्ह वाटते.

कायद्याच्या बाबतीत एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. चित्र विकत घेतले म्हणजे ते हवे तेथे छापण्याचा अधिकारही आपणास मिळाला, असे मानून कित्येक जण कॅलेंडरे, कपबशा व समाजमाध्यमे यांवर ते मोकळेपणाने वापरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कागदाची मालकी आणि चित्राचा स्वामित्वहक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, व तो हक्क लेखी करार करून दिला नसेल तर सामान्यतः चित्रकाराकडे, आणि त्याच्या पश्चात साठ वर्षांपर्यंत त्याच्या वारसांकडे राहतो. इतकेच नव्हे, तर याच कायद्याच्या कलम ५३-अ अन्वये मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास त्या रकमेत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा मागता येतो. हा हिस्सा दहा टक्क्यांहून अधिक नसावा अशी मर्यादा आहे. ज्या चित्रकाराने ऐन उमेदीत एक चित्र अल्प मानधनावर दिले, त्याच्या घरी त्या चित्राच्या वाढलेल्या मोलाचा अंश पोचावा, ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते, आणि तिचा उपयोग मराठी चित्रकारांच्या कुटुंबांनी करून घ्यावा असे मनापासून वाटते.

जपणुकीचे नियम कठीण नाहीत, पण ते मोडण्याचा मोह घरोघर असतो. चित्र लॅमिनेट करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुढे कधीही सोडविता येत नाही. सेलोटेप लावू नये, कारण तिचा चिकट द्रव पिवळा पडून कागदात उतरतो. काळी इंडियन इंक उजेडाला पुष्कळ टिकते, पण फाउंटनपेनची निळी शाई व मार्करची सही भिंतीवरच्या उन्हात काही वर्षांत फिकी होते. म्हणून सही असलेली वस्तू टांगावयाची असेल तर उत्तम छायाप्रत टांगावी व मूळ प्रत अंधारात, आम्लविरहित कागदाच्या घडीत, आडवी ठेवावी. आमच्या गावची हवा कोकणापेक्षा कोरडी, हा एक लाभ; तरी आषाढ-श्रावणात गोदाकाठच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल धरते, कागदावर तांबूस ठिपके उमटतात व कसर लागते. फ्रेम भिंतीला चिकटून न ठेवता मागे थोडी पोकळी सोडली, आणि पावसाळा संपताच सर्व कागद सावलीत हवेशीर पसरून एकदा तपासले, तर बरेचसे संकट टळते. नव्या पिढीचे बहुतेक चित्रकार थेट संगणकाच्या पाटीवर चित्र काढतात. त्यांच्याकडे शाईचा कागद असा उरतच नाही, आणि म्हणून छापील प्रतीवर घेतलेली सही व तिच्यासोबत त्यांनी काढून दिलेले चार रेषांचे चित्र हाच यापुढे त्यांच्या हाताचा एकमेव अवशेष राहील.

संग्राहकाच्या पश्चात या साऱ्याचे काय व्हावे, हा प्रश्न मात्र एकट्याने सोडविण्याजोगा नाही. पुण्याला बालेवाडी येथे २०२२ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या नावाचे कलासंग्रहालय उघडले. बंगळुरूस व्यंगचित्रकारांची स्वतंत्र संस्था व दालन आहे. इंग्लंडमध्ये केंट विद्यापीठ १९७३ पासून वृत्तपत्रीय व्यंगचित्रांचे दफ्तर सांभाळीत आले आहे. नाशकास १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, आणि अंजनेरीस १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. म्हणजे कागद आणि मुद्रा या दोहोंची निगा राखण्याची परंपरा येथे नव्याने निर्माण करावी लागणार नाही. आरंभ एका साध्या नोंदवहीने करता येईल. ज्यांच्या घरी दलाल, फडणीस, सरवटे, लक्ष्मण वा दुसऱ्या कोणा चित्रकाराची सही, पत्र, पोस्टकार्डावरचे रेखाटन अथवा मूळ चित्र असेल, त्यांनी ती वस्तू स्वतःकडेच ठेवावी. केवळ तिचे छायाचित्र, लांबी-रुंदी, कागद व शाई यांचे वर्णन, मिळाल्याची तारीख आणि देणाऱ्याशी असलेला संबंध एवढा तपशील वाचनालयाच्या वहीत लिहवून घ्यावा. सुरुवात करताना ग्रंथपालाने प्रथम जुने ब्लॉकमेकर, छापखान्यांचे जुळारी आणि दिवाळी अंकांचे विक्रेते यांच्या कुटुंबांकडे जावे. कारण संपादकाच्या कचेरीतून बाहेर पडलेला कागद शेवटी ज्यांच्या फळीवर थांबला, ती हीच घरे होत.